जावयाची गाडी

रोह्यात माझ्या गाडीला तीन नावं आहेत आणि त्यातलं एकही मी ठेवलेलं नाही. आळीत तिला 'कीटक' म्हणतात, कारण ती सुट्या भागांच्या किटमधून आली असं मी एकदा भोळेपणाने सांगून बसले. त्यात धाटावच्या ज्या कंपनीत मी नोकरी करते तिथे कीटकनाशकं बनतात, म्हणजे विनोद करणाऱ्यांची आयतीच सोय झाली. भाजीबाजारात तिला 'फुस्स' म्हणतात, ते का ते पुढे सांगते. तिसरं नाव 'सरांची गाडी'. सर म्हणजे आमचे हे. हे हायस्कुलात मराठी शिकवतात, मूळचे पुण्याचे आहेत, आणि सायकलच्या वरच्या कुठल्याही वाहनात त्यांना मळमळतं. एसटीत खिडकी, लिंबू आणि रिकामी पिशवी या तीन गोष्टी जुळल्याशिवाय ते कोलाडच्या पुढे जात नाहीत. गाडी चालवायला ते कधी शिकले नाहीत आणि शिकायची त्यांना इच्छाही नाही. तरी गाडी सरांची.

गाडीचं थोडक्यात सांगते, नाहीतर तुम्ही डोळ्यांसमोर काहीतरी चकचकीत, दारं वर उघडणारं आणाल. हिला दारंच नाहीत. छप्पर नाही. पुढची काच आहे, पण ती असून नसल्यासारखी. नळ्यांचा सांगाडा, त्यावर फायबरचं कवच, आत दोन माणसं, आणि बूड रस्त्यापासून वीतभर वर. वजन साध्या गाडीच्या निम्मं. इंजिन एका घरगुती गाडीचंच, पण त्याला टर्बो बसवलेला. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुरावर एक पंखा फिरवायचा आणि त्याच्या जोरावर इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. जे वाया जात होतं त्यातूनच ताकद काढायची. रात्रीच्या उरलेल्या भाताला फोडणी देऊन सकाळी चार माणसांचा नाश्ता उरकणाऱ्या कुठल्याही बाईला हे यंत्र दोन मिनिटांत कळतं. पुरुषांना मात्र त्याचं भारी कौतुक वाटतं आणि समजावून सांगायला अर्धा तास लागतो.

ही गाडी मला का हवी होती ते एका वाक्यात सांगता येतं. माझ्या वडिलांनी चार माणसांत म्हणावं, की ही माझ्या पोरीची गाडी. वेग, वारा, मोकळा रस्ता ही सगळी जाहिरातीत छापायची कारणं झाली. रोह्याहून निघून मोकळा रस्ता शोधायचा म्हटलं तर माणूस म्हातारा होईल.

वडिलांचं गाव पेणच्या खाडीकडे. आम्ही आज्यापणज्यापासून मिठागरातली माणसं. वडिलांनी मात्र तरुणपणी फावडं खाली ठेवलं, एक जुना टेम्पो घेतला आणि मिठाच्या गोणी वाहायला लागले. माझे दोन्ही भाऊ क्लचला पाय पुरत नव्हते तेव्हापासून खाडीच्या बांधावर टेम्पो शिकले. वडील शेजारी बसायचे, गिअर टाकायला उशीर झाला की टाळक्यात टपली द्यायचे, आणि मी मागून धावत असायची, कारण टेम्पो बंद पडला की ढकलायला माणूस लागायचं. ढकलायला मुलगी चालत होती. नववीत असताना मी एकदा स्टिअरिंगवर हात ठेवला, तर वडील म्हणाले, "माकराचे हातान कोलीत." ते रागावले नव्हते. हसत होते, आणि तेच मला जास्त लागलं. पुढे मी बीएस्सी झाले, धाटावला प्रयोगशाळेत लागले, आणि अडतिसाव्या वर्षी स्वतःच्या पगारातून ड्रायव्हिंग स्कूल लावलं. शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं, मिस्टर नाही का येणार शिकायला. त्यानंतर पंधरा वर्षं मी एक साधी पांढरी गाडी चालवली. वडील त्या गाडीत बसले, माझ्या हातचं फिरले, आणि गावात सांगितलं की जावयाने गाडी घेतली.

पांढऱ्या गाडीत हे खपून जायचं. चारचौघांसारखी गाडी, कोणाचीही असू शकते. म्हणून मी ठरवलं, आता अशी गाडी आणायची की जी मी स्वतः जोडली आहे, जी घरात दुसऱ्या कोणाला सुरूसुद्धा करता येणार नाही. मग बघू कोण कोणाची म्हणतो. त्रेपन्नाव्या वर्षी माणूस इतका बावळट असू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

पुण्याच्या पलीकडे एक जण अशा गाड्यांचे सुटे भाग बनवून विकतो. त्याला फोन केला तेव्हा तो दहा मिनिटं अगदी मन लावून बोलला आणि शेवटी म्हणाला, आता जरा सरांना फोन द्या, म्हणजे फायनल करू. मी सांगितलं, सर आंघोळीला गेलेत, फायनल करा.

खोकी आली तेव्हा गणपती नुकतेच गेले होते. अंगणात पत्र्याची शेड होती, तिच्यात सगळं मांडलं. सूचनांची पुस्तिका इंग्रजीत होती आणि ती वाचायची जबाबदारी ह्यांनी आपणहून घेतली. प्लास्टिकची खुर्ची, चष्मा, हातात पेन्सिल. नुसतं वाचून त्यांचं समाधान होईना, म्हणून वाचता वाचता भाषांतरही सुरू झालं. किट म्हणजे जुळणीसंच. क्लचवर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी चहा पिताना एकदम म्हणाले, धरसोड. मी सांगाड्याखाली उताणी, दातांत पाना धरलेला, आणि वरून आवाज, की आता डावीकडील मळसूत्र हलक्या हाताने आवळावे. आळीतून जाणारा माणूस फाटकाशी थांबायचा, माझे फक्त पाय बघायचा, आणि ह्यांना म्हणायचा, सर, मोठंच काम काढलंत. हे चष्म्यावरून बघून हसायचे. खरं सांगायचं तर त्यांच्याशिवाय गाडी झाली नसती. वाचायला कोणीतरी लागतंच आणि ते एक ओळसुद्धा चुकले नाहीत. हे आत्ताच लिहून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावर बरंच तोंडसुख घेणार आहे.

कागदपत्रांचं अख्खं वर्ष मी इथे गाळते. ज्याने जन्मात एकदा तरी अर्ज केला आहे त्याला ते सांगायला नको, आणि ज्याने केला नाही त्याचा विश्वास बसणार नाही. एवढंच सांगते की शेवटी नंबर मिळाला, मालक म्हणून माझं नाव लागलं, आणि अभिनंदनाचे फोन ह्यांना आले.

पण सगळ्यात मोठा घोळ त्याच्या आधीच झाला होता, आणि तो मी केला होता.

खोकी उघडली तेव्हा कवचाचं नाक तडकलेलं निघालं. रोह्यातल्या डेंटिंगवाल्याने ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, ठोकायला पत्रा पाहिजे, ह्याला काय ठोकू. फायबर म्हणजे रेझिन आणि काचेचं कापड. रेझिन कसं गोठतं ते मला नोकरीमुळे माहीत होतं, पण माहिती वेगळी आणि हात वेगळा. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारी म्हणाली, हमरापूरला ने. मंडळांचे मोठाले गणपती तिथे फायबरचे होतात, तडकलेली सोंड सांधतात, तर नाक का नाही सांधणार. मला पटलं. आम्ही घरचा गणपती हमरापूरच्याच एका कारखान्यातून आणतो, त्याच मूर्तिकाराकडे दिवाळीनंतर कवचाचे सगळे भाग टेम्पोत घालून नेले. गणपतीचा हंगाम संपल्यामुळे त्याची शेड रिकामी होती. त्याने तडीवर बोट फिरवलं, टिचकी मारून आवाज ऐकला, होईल म्हणाला. रंग तुम्हीच ठरवा, असं मी त्याला सांगितलं. मग त्याने वही उघडली आणि विचारलं, कोणाच्या नावाने?

मी ह्यांचं नाव सांगितलं.

का सांगितलं ते नीट समजून घ्या, कारण मेख तिथेच आहे. दर वर्षी आषाढात मी याच शेडमध्ये येते. किती फुटी मूर्ती, बैठक कशी, पितांबर कुठल्या रंगाचं, सगळं मी ठरवते. तो वही उघडून विचारतो, कोणाच्या नावाने, आणि मी ह्यांचं नाव सांगते. तशी चिठ्ठी लिहून मूर्तीच्या पाठीला लावतात, म्हणजे चतुर्थीच्या गर्दीत कोणाचा गणपती कोणाच्या घरी जात नाही. हे बिचारे न्यायलाही येत नाहीत, त्यांना मळमळतं. एकोणतीस वर्षं हेच चाललंय. जीभ आपोआप वळली. जिला अख्ख्या गावाला धडा शिकवायचा होता, तिने पहिल्याच फळ्यावर स्वतःच्या हाताने चुकीचं उत्तर लिहिलं, आणि हमरापूरहून परत येताना तिला ते कळलंसुद्धा नाही.

महिन्याने बोलावणं आलं. शेडमध्ये सगळे भाग फळ्यांवर मांडून ठेवले होते आणि पुढच्या नाकावर कोरा रुमाल टाकलेला होता. आमच्याकडे गणपती नेताना तोंड झाकतात, तसा. मूर्तिकाराच्या बायकोने मला पाट आणलात का असंही विचारलं, ते गमतीने की सवयीने ते काही कळलं नाही. रुमाल काढला. रंग पितांबराचा पिवळा, कडांना किंचित केशरी छटा मारलेली, तडीचा मागमूस नाही. आणि दिव्यांच्या दोन खोबणींभोवती काळ्या रेषेने डोळे आखलेले. पेणकडे डोळ्यांची आखणी ही वेगळी विद्या आहे. कारखान्यात वीस माणसं राबत असली तरी डोळे एखाददुसराच आखतो, आणि डोळे होईपर्यंत मूर्ती म्हणजे नुसता गोळा. मी डोळे सांगितले नव्हते. तो म्हणाला, डोळे केल्याशिवाय आमच्या शेडमधून काही बाहेर जात नाही. ते डोळे इतके देखणे होते की मी त्यांच्यावरून हळूच बोट फिरवलं. तेवढ्यात मी मागचा भाग बघितला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाल अक्षरांत, सोनेरी कड काढून, ह्यांचं संपूर्ण नाव लिहिलेलं होतं, ह्यांच्या वडिलांच्या नावासकट.

मी विचारलं, हे कशाला. तो म्हणाला, चिठ्ठी वाऱ्याने उडते, गाडी तर वाऱ्यातच जाणार, म्हणून पक्कं लिहून टाकलं. मी म्हटलं, पण गाडी माझी आहे. त्याने काही वाद घातला नाही. वही आणली, पान काढलं आणि माझ्यापुढे धरलं. तिथे ह्यांचंच नाव होतं, मी सांगितलेलं.

घरी आणून थिनर लावला, पॉलिश पेपर घासला, दोन सुट्ट्या घालवल्या. नाव गेलं, पण पुरतं गेलं नाही. ऊन तिरपं झालं की पिवळ्याच्या खालून अक्षरं हळूच वर येतात. ह्यांनी खुर्चीवरून उठून ती बारकाईने तपासली आणि एक वेलांटी चुकल्याचं निदर्शनास आणून दिलं.

गाडी रस्त्यावर आली आणि मला लोकांचा स्वभाव नव्याने कळायला लागला. टर्बोची एक खोड असते. पाय दाबला तर आधी काहीच होत नाही, तो जरा विचार करतो, आणि मग पाठीत लाथ बसावी तशी गाडी सुटते. पाय उचलला की कोंडलेली हवा मोठ्याने 'फुस्स' करून बाहेर पडते. भाजीबाजारातून जाताना दर दहा पावलांवर पाय उचलावा लागतो. पहिल्या दिवशी तीन माणसांनी मला थांबवून पंक्चर झाल्याचं सांगितलं, आणि एकाने तर जॅक आणून ठेवला. धाटावच्या फाट्यावर कंपनीच्या बसमागे उभी राहिले तर खिडकीतून आमच्याच खात्यातला एक जण वाकून म्हणाला, मॅडम, उरलेली गाडी कुठाय. कोलाड ते खांब गावापर्यंतचे गतिरोधक मला देवाच्या नावांसारखे पाठ आहेत. प्रत्येकावर गाडी तिरकी घालायची, श्वास धरायचा, आणि तरी खालून खर्रकन आवाज येतोच. पावसाळ्याचे चार महिने ती ताडपत्रीखाली असते. म्हणजे वर्षातले आठ महिने मी गाडीची मालकीण, त्यातही फक्त आठवडी सुट्टीच्या दिवशी. याला शौक म्हणतात असं मला सांगण्यात आलं आहे.

हे सगळं मी हसत सोसलं असतं. पण पेट्रोल पंपावर, लग्नात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, जो तो ह्यांना गाठून विचारायचा, सर, किती पळते. आणि हे म्हणायचे, बरी पळते. एकदा घरी आल्यावर मी विषय काढलाच. ते म्हणाले, मी खोटं कुठे बोललो. मी म्हटलं, बोलला नाहीत, पण हसलात. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "हमरापूरला नाव कोणी सांगितलं?" मी भांडण वाढवलं. दोन दिवस आम्ही भाजी आणि गॅस याशिवाय बोललो नाही. त्या दोन दिवसांत मी ठरवलं की आता वडिलांकडे जायचं. जी गोष्ट ज्याच्यासाठी केली त्याला दाखवायलाच मी सहा महिने टाळाटाळ करत होते, आणि ती टाळाटाळ भीतीची होती.

होळीच्या आधीच्या आठवड्यात, मंगळवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी एकटीच निघाले. महामार्गाबद्दल मी काही लिहीत नाही, कोकणातल्या प्रत्येक घरात त्यावर बोलणारा एक माणूस असतोच. वडखळ सोडून खाडीकडे वळले आणि अकराच्या सुमारास दारात गाडी उभी केली.

वडील ब्याऐंशीचे आहेत. पाय गेलेत, कान आणि जीभ शाबूत. काठी टेकत त्यांनी गाडीला एक पूर्ण फेरी मारली, इंजिन चालू ठेवायला लावलं आणि मान कलती करून ऐकत राहिले. मग विचारलं, पासिंग किती. टेम्पोवाल्याचा पहिला प्रश्न हाच, गाडी किती वजनाला पास आहे. मी म्हटलं, दोन माणसं. आणि माल? माल नाही. ते म्हणाले, मग घेतली कशाला. गाडी घेतल्यापासून कोणी मला विचारलेला हा एकमेव शहाणा प्रश्न होता, आणि त्याचं खरं उत्तर त्यांच्यापुढे बोलायची माझी हिंमत नव्हती. मी म्हटलं, बस तर खरा.

बसवणं सोपं नव्हतं. दार नाही, म्हणून एक पाय कडेवरून आत, मग माझ्या खांद्याला धरून दुसरा, मग स्वतःला खाली सोडून द्यायचं. पट्टे चार आहेत, दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, आणि चारही पोटावर एका कळीत अडकतात. ती कळ दाबून पिळली तरच सुटते. बांधून झाल्यावर ते म्हणाले, गोणी पण एवढी बांधत नव्हतो. मी बांधावर गाडी घातली. डाव्या हाताला खाडी, उजवीकडे मिठाची चौकोनी पाणी भरलेली शेतं, समोर सरळ कच्चा रस्ता. मी पाय दाबला, टर्बोने आपला विचार केला, आणि गाडी सुटली.

वडील हसले. तोंड भरून, दात नसलेलं हसू. पुढच्या क्षणी त्यांनी मान कलती केली, आवाज ऐकला, आणि आता टाक म्हणाले. मला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला, तर डोक्यात टपली बसली. मी तिसरा टाकला. पंचावन्न वर्षांची मी, केसांना कलप लावलेला, कंपनीत माझ्या हाताखाली सहा माणसं, आणि त्या टपलीने मला इतका आनंद झाला की मी जोरात हसले आणि गाडी थोडी वाकडी गेली. तेवढ्या पाच मिनिटांत मी भरून पावले होते. तिथेच परत फिरायला हवं होतं.

बांधावर पाणी आत-बाहेर सोडायची उघाडी आहे. तिथे वडिलांच्या बरोबरीचा एक जण जाळं सांधत बसला होता. मी वेग कमी केला, 'फुस्स' झालं, त्याने वर बघितलं आणि विचारलं, "कोनाची गारी रे?"

"जावयाची," वडील म्हणाले.

स्टिअरिंग माझ्या हातात होतं. माझे हात काळे झालेले, नखांत ग्रीस. मी गाडी पुढे काढली. पुढच्या वळणावर टपरीवाला बाहेर आला, त्यानेही तेच विचारलं, वडिलांनी तेच सांगितलं, आणि वर पुस्ती जोडली की मास्तरांचा पगार आता चांगला झालाय. मी बांधाच्या टोकापर्यंत गेले, जिथे रस्ता संपतो, आणि इंजिन बंद केलं. माहेरी मी वडिलांना अरे-तुरे करते, आमच्याकडे तसंच आहे, ह्यांना ते अजून पचलेलं नाही.

"उतर," मी म्हटलं. "जावयाची गारी हाय ना? मंग जावयाला बोलव न्यायला."

मी माझे पट्टे सोडले, बाहेर पडले आणि बांधावर पाठ करून उभी राहिले. मागून खुडबुड ऐकू येत होती. ते कळ शोधत होते. ती दाबून पिळायची असते हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि तेव्हाही सांगितलं नाही. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला चार पट्ट्यांनी बांधून मी उन्हात बसवून ठेवलं होतं. आज हे लिहिताना मला लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती. तेव्हा मला एवढंच वाटत होतं की बसू दे.

खुडबुड थांबली. मग ते माझ्या पाठीशी बोलले, जरा हळू.

"तुजी हाय बोललू, तं लोका इचारतील, पोरीला गारी कोनी शिकवली. काय सांगू?"

मी वळले नाही. इतकी वर्षं मी धरून चालले होते की त्यांना माझं काही वाटत नाही, मुलगी ती मुलगी, तिची गाडी ती काय गाडी. त्या रागावर मी ड्रायव्हिंग शिकले, त्या रागावर खोकी मागवली, नाव खरवडलं, नवऱ्याशी भांडले. त्यांना स्वतःची लाज वाटत असेल हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. ज्याने सगळ्या गावापुढे दोन पोरांना बांधावर शिकवलं, त्याला तिसरीचं विचारलं तर सांगायला काही नव्हतं. जावई मध्ये घातला की प्रश्नच मिटत होता.

"खरा सांग," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला होता तेवढा कडक निघाला नाही.

मिठागरातून पाच-सहा बायका जेवायच्या वेळेला घरी निघाल्या होत्या, डोक्यावर रिकामी घमेली, पाय पोटरीपर्यंत पांढरे. जवळ येऊन त्या थांबल्या. पिवळ्या गाडीकडे बघितलं, तिच्या डोळ्यांकडे बघितलं, आत बांधून बसवलेल्या म्हाताऱ्याकडे बघितलं. पुढे होती ती वडिलांच्याच वयाची, मला लहानपणापासून ओळखणारी. तिने मला विचारलं, "कोनाची गो बाय ही गारी?"

मी वळून वडिलांकडे बघितलं. त्यांनी खालून मान वर केली. गाडी इतकी बुटकी की त्यांना त्या सगळ्यांकडे आभाळाकडे बघावं तसं बघावं लागत होतं.

"पोरीची," ते म्हणाले. घसा खाकरला आणि पुन्हा म्हणाले, मोठ्याने. "माजे पोरीची हाय. पोरांना मी शिकवली. हिला नाय शिकवली."

म्हातारीने घमेलं डोक्यावरून काढून कमरेवर घेतलं.

"मंग चुकला तुजा," ती म्हणाली.

"व्हय," वडील म्हणाले.

मी वाकून त्यांचे पट्टे सोडले आणि हात दिला.